‘स्लेंग टेंग’ची नवी 45: काही महिने वाजवल्यावर

जमैकाचा रेगे निर्माता किंग जॅमी याच्या ‘स्लेंग टेंग’ रिदिमची (रिदिम म्हणजे अनेक गाणी ज्यावर गायली जातात ती वाद्यसाथ) ही नव्याने छापलेली 7 इंची, मिनिटाला 45 फेऱ्यांची रेकॉर्ड जरूर घ्या, पण शक्य असेल तर लावून बघून. उन्हाळ्यापासून वाजतेय. बेस दणदणीत, आवाज मोकळा. तक्रार एकच, मधलं भोक मध्यावर नाही.

ए बाजूला वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’, बी बाजूला व्हर्जन, म्हणजे त्याचीच नुसती वाद्यसाथ. या रिदिमला ना बेसवाला, ना ड्रमर. कॅसिओ एमटी-40 या छोट्या कीबोर्डमधला ‘रॉक’ नावाचा तयार ठेका जॅमीने संथ केला आणि वर पियानो, टाळ्या चढवल्या. (मूळ ठेका कॅसिओतल्या हिरोको ओकुडा यांचा.) 23 फेब्रुवारी 1985 ला किंग्स्टनच्या वॉल्थम पार्क रोडवर ब्लॅक स्कॉर्पिओ या साउंड सिस्टिमविरुद्धच्या क्लॅशमध्ये, म्हणजे जाहीर मुकाबल्यात, तो वाजला, आणि मग जमैकात संगणकी रिदिमची रीघच लागली.

दोष उघडा पडतो तो याच मशीनमुळे. माणसाने वाजवलेल्या बेसमध्ये थोडं हेलकावणं खपून जातं. इथे सूर तसूभर हलत नाही, त्यामुळे छपाईची चूक लगेच कानाला टोचते. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल तर कडेजवळ सूर सुमारे 0.6 टक्के वर-खाली होतो, लेबलजवळ 0.9. तोही दर 1.33 सेकंदांनी, म्हणजे प्रत्येक फेरीला.

उपाय घरचा आहे. भोक 38 मिलिमीटरचं, आणि ते टर्नटेबलच्या मधल्या बारीक दांड्यावर (स्पिंडलवर) बसवायची चकती, म्हणजे अ‍ॅडाप्टर, बहुतेकदा त्यात किंचित ढिला बसतो. रेकॉर्ड फिरताना सुईचं डोकं समोरून बघा. ते सर्वांत बाहेर जातं तिथे लेबलवर पेन्सिलने खूण करा, सुई उचला, आणि खुणेच्या बाजूने रेकॉर्ड स्पिंडलकडे ढकला. डोकं एकूण जितकं हलतं त्याच्या निम्मं. समोरच्या बाजूला जी फट पडते ती अ‍ॅडाप्टरला चिकटपट्टीचे थर लावून भरा. अ‍ॅडाप्टर घट्ट असेल तर त्यालाच एका बाजूने पॉलिश पेपर मारा. रेकॉर्डच्या भोकाला कानस लावायची नाही, एकदा जास्त गेली की परतीचा रस्ता नाही.

चरचर ऐकू आली तर आधी रेकॉर्डला दोष देऊ नका. गाण्याचा आवाज मावळताना चरचरही मावळत असेल तर ती मूळ प्रतीतूनच उतरली आहे, कितीही धुवा, जाणार नाही. शेवटच्या रिकाम्या खाचेतही राहिली तर ती आपल्या प्रतीवरची धूळ; डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश पुरतो. लेबल तेवढं कोरडं ठेवा.

शुअर एम44-7 या कार्ट्रिजला (सुई बसते तो भाग) 1.5 ते 3 ग्रॅम दाब चालतो. 1.5 वर या बेसला सुई उडते, 2.5 वर बसते.

टेनॉर सॉचं ‘पम्पकिन बेली’ किंवा जॉन वेनचं ‘कॉल द पोलीस’ हीही याच रिदिमवरची गाणी, म्हणून दोन रेकॉर्ड एकत्र मिसळताना पिच (टर्नटेबलचा वेग बदलणारा स्लायडर) शून्यावर ठेवून जुळेल असं धरू नका. छपाईगणिक वेग थोडा वेगळा भरतो. स्लायडर साधारण 6 टक्के सरकला की अर्धा सूर बदलतो. एक-दोन टक्क्यांतच जुळलं तर ठीक, त्यापुढे गेलं तर दोन्ही बेस एकत्र ठेवू नका, मिक्सरवर एकाचा लो (बेसचा आवाज) कापा.

कागदी आतलं पाकीट मात्र पहिल्या दिवशीच बदला. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि ती थेट खाचेत उतरते.