वड आणि गोरखचिंच : दीर्घायुष्याच्या दोन रीती

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, निपाणीकडच्या गावांत जुने झाड म्हटले की पारावरचा वडच डोळ्यांपुढे येतो. गोरखचिंच, म्हणजे प्रचंड बुंध्याचे बाओबाब झाड, पाहायची तर हावेरी जिल्ह्यातील सवणूर गाठावे लागते, जिथे तिला कन्नडमध्ये ‘दोड्डहुणसे’ म्हणतात.

वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून नवी खोडे बनतात, त्यामुळे मूळ खोड गेले तरी झाड जगते. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील अडीचशे वर्षांहून जुन्या वडाचे मुख्य खोड बुरशीने कुजले म्हणून १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, तरीही तो विस्तारतच आहे. मग वय कोणाचे मोजायचे, हा प्रश्न उरतोच.

मूळची आफ्रिकेची गोरखचिंच मऊ लाकडात पाणी साठवून कोरडे महिने काढते आणि बुंध्यातून नवे फुटवे काढते, जे कालांतराने एकमेकांना जुळून एकच प्रचंड खोड भासते. आत बहुधा पोकळी असते आणि वाढीची वलये भरवशाची नसतात, म्हणून वय रेडिओकार्बन पद्धतीने, म्हणजे लाकडात उरलेला किरणोत्सर्गी कार्बन मोजून, काढतात. झिंबाब्वेतील ‘पांके’ नावाचे झाड सुमारे २,४५० वर्षांचे ठरले.

वर्षांच्या हिशेबात गोरखचिंच सरस ठरते. परंतु साचलेले पाणी तिला सोसत नाही, तेव्हा खानापूरच्या पावसात मी वडच लावीन; मात्र घरापासून दूर, आणि पुढे रस्त्याकडेच्या पारंब्या कोणी छाटणार नाही अशा जागी, कारण त्या छाटल्या की त्याच्या नव्या खोडांची वाटच बंद होते.