सुपर रग्बी पॅसिफिकचे सभासदत्व: सामने उत्तम, गळती मात्र खालून

आमच्या घरात रग्बीवर दोन ठिकाणी पैसे खर्च होतात: सुपर रग्बी पॅसिफिक या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पॅसिफिक बेटांतील संघांच्या स्पर्धेत खेळणाऱ्या, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स वॉराटाझ संघाचे हंगामी सभासदत्व आणि स्टॅन स्पोर्ट या प्रक्षेपण सेवेची वर्गणी. सिडनीत नव्याने आलेली आणि क्रिकेटवर वाढलेली ओळखीची मंडळी 'हे घेण्यासारखे आहे का' असे वरचेवर विचारतात, म्हणून तीन हंगामांचा अनुभव एकदा नीट लिहून काढावा असे ठरवले. मात्र आसने, प्रक्षेपण आणि खाण्यापिण्याची सोय एवढ्यावर हे परीक्षण थांबवता येणार नाही. सभासद शेवटी खेळाडूंसाठी पैसे मोजतो, आणि ज्याला पाहण्यासाठी आपण जातो तो पुढच्या वर्षी इथेच असेल की फ्रान्स किंवा जपानमध्ये, हा प्रश्न या सेवेच्या दर्जाचाच भाग आहे असे मी मानतो.

आधी मैदानाविषयी. मूर पार्कमधील सिडनी फुटबॉल स्टेडियम, म्हणजेच ॲलियान्झ स्टेडियम, २०२२ साली नव्याने बांधून खुले झाले आणि त्यात साधारण साडेबेचाळीस हजार प्रेक्षक बसतात. सेंट्रल स्थानकावरून लाइट रेलने तिथे पोहोचता येते. आसनांची चढण तीव्र असल्यामुळे खालच्या रांगांमधून खेळ अक्षरशः अंगावर येतो. स्क्रमच्या वेळी पंच 'क्राउच, बाइंड, सेट' असे एकेक शब्द सुटा उच्चारत असताना आसपासचे लोक बोलायचे थांबतात आणि मग दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण एकमेकांना भिडल्याचा जो दबका, जड आवाज येतो, तो दूरचित्रवाणीवर कधीच पोहोचत नाही. २०२५ च्या हंगामात वॉराटाझने पहिल्याच सामन्यात न्यूझीलंडच्या हायलँडर्सला ३७-३६ असे एका गुणाने हरवले. अशा एका संध्याकाळीसुद्धा वर्षभराची वर्गणी वसूल झाल्यासारखे वाटते.

स्टॅन स्पोर्टवर स्पर्धेतील सगळे सामने थेट पाहता येतात आणि हुकलेला सामना नंतरही मिळतो, शिवाय निवडक सामने चॅनल नाइनवर विनामूल्य दिसतात. ज्याला मैदानावर जाणे जमत नाही त्याने निदान ही वर्गणी घ्यावी. याबाबत माझी काही तक्रार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सामना संपल्यावर खेळाडू कठड्याशी येऊन मुलांना सह्या देतात, आणि माझ्या लेकीकडे अशा सह्यांनी भरलेला एक चेंडू आहे. शाई बऱ्याच ठिकाणी फिकट झाली असली तरी कोणती सही कुणाची हे तिला पाठ आहे, आणि त्यांपैकी किती जण आता या देशात खेळत नाहीत हेही ती न अडखळता सांगते. एकट्या २०२५ साली लांगी ग्लीसन फ्रान्समधील माँपेलियेला गेला, टानिएला टुपो सिडनीत एकच हंगाम खेळून पॅरिसच्या रासिंग ९२ कडे गेला, आणि कॅनबेराच्या ब्रंबीज संघाचा नोआ लोलेसिओ जपानला गेला. त्यांना मी मुळीच दोष देत नाही. रग्बीपटूची कमाईची वर्षे मोजकीच असतात, एका गुडघ्याच्या दुखापतीने ती आणखी कमी होतात, आणि फ्रेंच क्लब जे मानधन देऊ शकतात त्याच्या जवळपास जाणेही इथल्या संघांना जड जाते.

ही गळती थांबवण्यासाठी ऑस्ट्रेलियाने मुख्यतः राष्ट्रीय संघाच्या जर्सीचाच आधार घेतला आहे. परदेशात खेळणाऱ्याला वॉलाबीज, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघात जागा नाही, असा पूर्वी सरसकट दंडक होता. २०१५ साली त्याला अपवाद करण्यात आला: ज्याने ६० कसोटी (म्हणजे देशाकडून आंतरराष्ट्रीय) सामने खेळले आहेत आणि ७ वर्षे ऑस्ट्रेलियन रग्बीशी करार ठेवला आहे, त्याला परदेशातून निवडता येईल. फ्रान्सच्या तूलाँ क्लबकडून खेळणारे मॅट गिटो आणि ड्र्यू मिचेल या सवलतीमुळे परत आले, त्या वर्षीच्या विश्वचषकात संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तिथे न्यूझीलंडकडून ३४-१७ असा हरला. तेव्हापासून हा नियम 'गिटो लॉ' या नावाने ओळखला जातो. पुढे त्याच्या अटी टप्प्याटप्प्याने सैल होत गेल्या. २०१४ साली सुपर रग्बीचे विजेतेपद जिंकणाऱ्या वॉराटाझ संघातील विल स्केल्टन २०१७ मध्ये इंग्लंडला गेला, तिथल्या सारासेन्सबरोबर एकदा आणि फ्रान्सच्या ला रोशेलबरोबर दोनदा युरोपचा चषक जिंकला, आणि २०२३ च्या विश्वचषकात तोच ऑस्ट्रेलियाचा कर्णधार होता. कर्णधारच परदेशी क्लबचा असेल, तर त्या नियमाचा धाक कुणाला वाटणार?

माझे मत असे की हा नियम कडक असो वा सैल, तो चुकीच्या दाराशी पहारा देतो. ज्याच्या नावावर तीस-चाळीस कसोट्या आहेत त्याला वॉलाबीजची जर्सी गमावण्याची भीती वाटेल. पण ज्याला ती कधी मिळालेलीच नाही, त्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला कशाची भीती घालणार? १९ जुलै २०२५ रोजी ब्रिस्बेनमध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ) यांच्याविरुद्धची पहिली कसोटी आम्ही घरी पाहत होतो. सामन्याच्या सुरुवातीलाच लायन्सच्या सिओने टुइपुलोटूने ट्राय केली, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले. हा मुलगा मेलबर्न परिसरात जन्मला, मेलबर्न रेबेल्सकडून खेळला, तिथे स्थिरावला नाही म्हणून जपानला आणि मग ग्लासगोला गेला. आजी स्कॉटिश असल्यामुळे तो स्कॉटलंडसाठी पात्र ठरला आणि पुढे त्या देशाचा कर्णधारही झाला. त्याच दौऱ्यावर आलेला मॅक हॅन्सन कॅनबेराचा. ब्रंबीजकडून खेळून तो २०२१ मध्ये आयर्लंडमधील कॉनॉटकडे गेला, त्याची आई आयरिश, आणि वर्षभरात त्याने आयर्लंडची जर्सी घातली. ऑस्ट्रेलियात वाढलेला इमॅन्युएल मेआफू हा जवळजवळ दीडशे किलो वजनाचा लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू) फ्रान्समधील तुलूझला गेला आणि २०२४ पासून फ्रान्सकडून खेळतो आहे. या तिघांपैकी एकानेही वॉलाबीजसाठी एकसुद्धा कसोटी खेळलेली नव्हती, त्यामुळे गिटो लॉशी त्यांचा कधी संबंधच आला नाही. स्केल्टनला निदान परत बोलावता येते आणि लायन्सविरुद्ध मेलबर्न व सिडनीच्या कसोट्यांत तो खेळलाही; हे तिघे मात्र कायमचे गेले.

असे का होते, याचे उत्तर सभासदाला स्वतःच्या तिकिटांवरच दिसते. साखळीत एका संघाच्या वाट्याला चौदा सामने येतात, त्यांपैकी सात घरच्या मैदानावर. फेब्रुवारीत सुरू झालेली ही स्पर्धा जूनमध्ये संपते, आणि जो राष्ट्रीय संघात नाही त्याच्यापुढे अर्धे वर्ष मोकळे पडते. फ्रान्सच्या टॉप १४ मध्ये मात्र चौदा संघ एकमेकांशी घरी आणि बाहेर खेळतात, म्हणजे बाद फेरीआधीच सव्वीस सामने होतात. तरुण खेळाडूला पैशाइतकीच सामन्यांची भूक असते, आणि मैदानावर मिनिटे मिळाल्याशिवाय कुणीही घडत नाही. ती मिनिटे पुरवणारी नॅशनल रग्बी चॅम्पियनशिप ही दुसऱ्या फळीची स्पर्धा २०१४ ते २०१९ अशी सहा हंगाम चालली आणि नंतर बंद झाली. मेआफू ज्या मेलबर्न रायझिंगकडून खेळला, तो संघ याच स्पर्धेतला होता.

त्याहून मोठा घाव म्हणजे संघच कमी करणे. २०१७ साली पर्थच्या वेस्टर्न फोर्सला सुपर रग्बीतून वगळले गेले आणि उद्योजक अँड्र्यू फॉरेस्ट यांच्या पाठबळावर तो संघ २०२० मध्ये पुन्हा उभा राहिला. आर्थिक डबघाईला आलेला मेलबर्न रेबेल्स २०२४ च्या हंगामानंतर बंद झाला. एक संघ गेला की तीस-पस्तीस करार जातात. नावाजलेल्यांना दुसरीकडे जागा मिळते, टुपो आणि अँड्र्यू केलावे सिडनीला आले, फिलिपो डौगुनू क्वीन्सलँड रेड्समध्ये गेला. पण त्यांनी अडवलेल्या प्रत्येक जागेमागे कुठला तरी होतकरू मुलगा एक पायरी खाली ढकलला जातो, आणि त्याच वेळी परदेशी क्लबचा एजंट त्याला फोन करतो. रेबेल्सचा फ्लाय-हाफ (संघाच्या चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू) कार्टर गॉर्डन तर रग्बी लीग या रग्बीच्याच वेगळ्या प्रकारात गेला. तो पुढे रेड्सकडे परतला याचा मला फार आनंद झाला.

वरच्या स्तरावर एक उपाय मला मनापासून पटतो, तो म्हणजे ठरावीक मुदतीची सुट्टी. देशाशी दीर्घ करार करायचा आणि मधला एखादा हंगाम परदेशात खेळून पैसे मिळवायचे, अशी ही सोय आहे. डेव्हिड पोकॉकने २०१७ मध्ये आणि मायकल हूपरने २०२१ मध्ये तिचा लाभ घेतला, दोघेही परतले आणि देशासाठी खेळले. २०२५ मध्ये लेन इकिटाऊ इंग्लंडच्या एक्सिटरला आणि अँगस बेल आयर्लंडमधील अल्स्टरला अशाच अल्पमुदतीच्या करारांवर गेले. त्यांच्या सह्या असलेल्या जर्सी कपाटात जपून ठेवायला हरकत नाही. रग्बी लीगमधून जोसेफ सुआलीईला आणण्यासाठी जो मोठा पैसा मोजला गेला, त्याबद्दल मात्र माझे मन अजूनही दुभंगलेले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्विकनहॅमवर त्याच्या पहिल्याच कसोटीत इंग्लंडला ४२-३७ असे हरवताना तो ज्या उंचीवर उडी घेऊन चेंडू काढत होता, ते पाहून आम्ही पहाटे ओरडून शेजाऱ्यांना जागे केले असेल. तरीही एवढ्या रकमेत विशीतल्या किती मुलांना दोन-दोन वर्षांचे करार देता आले असते, हा हिशोब डोक्यातून जात नाही.

दक्षिण आफ्रिकेने परदेशी खेळाडूंवरील बंधने उठवली आणि २०१९ व २०२३ चे विश्वचषक जिंकले, असे उदाहरण नेहमी दिले जाते. मला ते इथे लागू होईल असे वाटत नाही. तिथे शाळांपासून खेळाडूंचा ओघ इतका मोठा आहे की शंभर गेले तरी शंभर उभे राहतात, आणि इथे तीच मुले रग्बी लीग आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलही पळवून नेतात.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये चार ऑस्ट्रेलियन संघांची सुपर रग्बी एयूएस ही छोटी स्पर्धा सुरू झाली, ही माझ्या दृष्टीने गेल्या कित्येक वर्षांतील सर्वांत योग्य दिशेची गोष्ट आहे. ती लहान आहे, पण जुलैनंतर रिकाम्या राहणाऱ्या मुलांना ती खरे सामने देते. २०२७ चा विश्वचषक याच देशात होणार असल्याने त्याचे उत्पन्न येईल तेव्हा तारांकित नावांआधी ही स्पर्धा वाढवण्यावर खर्च व्हावा, अशी सभासद म्हणून माझी कळकळीची मागणी आहे.

तर, घ्यावे का? जरूर घ्यावे. पाचपैकी चार तारे मी देतो, आणि कापलेला एक तारा मैदानाचा किंवा प्रक्षेपणाचा नाही, तो खेळाडू टिकवण्याच्या धोरणाचा आहे. आसन निवडताना मध्यरेषेच्या मोहात न पडता गोलखांबांजवळच्या कोपऱ्यातील खालच्या रांगा पाहाव्यात, कारण बहुतेक ट्राय आणि पाच मीटरवरचे स्क्रम तिथेच होतात. सोबत हिवाळ्यातील एखाद्या शनिवारी कूजी ओव्हलवर रँडविक क्लबचा शूट शील्ड या सिडनीतील क्लब स्पर्धेतला सामनाही अवश्य पाहावा. तिथे कठड्यापाशी उभे राहिले की टचलाइन (मैदानाची बाजूची सीमारेषा) हाताच्या अंतरावर असते, आणि अजून कुठल्याही संघाने ज्याच्याशी करार केलेला नाही असा विशीतला एखादा सेंटर (मागच्या फळीत मध्यभागी खेळणारा) चिखलाने माखून समोरून धावत जातो.