वासे दाट घालावेत की विरळ?

कौलारू घर काढलंय, वासे खालून दिसतेच ठेवायचेत, सीलिंग नको, इथपर्यंत ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. साग घ्यावा की फणस, हा वेगळा वाद आहे आणि त्यात माणसं दुखावतात. मी फक्त मापाबद्दल बोलतो.

माझ्या घरात दोन्ही प्रकार आहेत. मागची पडवी २००९ची, तिला २ बाय ३ इंचांचे वासे, दीड-दीड फुटावर. पुढची ओटी २०१७ची, तिला अडीच बाय ५चे, तीन-तीन फुटांवर. बाकी दोन्हीकडे सारखंच: छपराची लांबी २४ फूट, वाशाच्या दोन आधारांत १० फुटांचा गाळा, पुढे २ फूट वळचण आणि वर मंगलोरी कौलं.

पडवीला १७ वासे लागले, म्हणजे साडेआठ घनफूट. ओटीला ९, तेही साडेनऊच्या आत. हा फरक काही फार नाही. रिपांत, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकून ज्यांवर कौलं बसतात त्या पट्ट्यांत, मात्र खिसा हलका होतो. दीड फुटावर दीड बाय १ची रीप चालून जाते. तीन फुटांवर तीच रीप शाकारायला चढलेल्या माणसाच्या पायाखाली लचकते, म्हणून २ बाय दीडची घ्यावी लागली. तीन घनफुटांच्या जागी सहा. शिवाय १२ फूट सरळ आणि ५ इंच उभा असा नग वखारीत शोधत बसावं लागतं, त्याचा दर चढा सांगतात, आणि वर चढवायला तीन माणसं लागतात. बारीक वासा कुठेही मिळतो, सुतार आणि हाताखालचा पोरगा काम उरकतात. एखाद्याला भुंगा लागला तर तेवढाच काढून नवा घालता येतो.

एवढं असूनही ओटीच्या वेळी मी विरळ वासे घेतले, कारण तोवर पडवीने मला चांगलंच छळलं होतं.

पडवीचे वासे चढले तेव्हा सुतार म्हणाला होता, "दादा, मोडला तर मला येऊन विचारा." नाही मोडला. आजतागायत एकही नाही. पण वाकले सगळे. तिसऱ्या पावसाळ्यात मोरीजवळ, भिंतीला लागून गळायला लागलं. कौल बदललं. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. मग दर मे महिन्यात शाकारणी त्या कोपऱ्यापासून सुरू, आणि दर जुलैत बादली त्याच कोपऱ्यात. माकडांवरही आळ घेऊन झाला.

शेवटी एकदा शिडी लावून वाशाच्या कुशीला टोकापासून टोकापर्यंत सूत ताणलं. मधोमध वासा सुताच्या दोन बोटं खाली. भिंतीवरचा वासा मात्र सरळ, कारण त्याला खालून भिंतच आहे. म्हणजे एक वासा जागेवर, त्याच्या शेजारचा खाली बसलेला. दोघांवरून जाणारी रीप तिरकी, तिच्यावरचं कौल एका अंगावर कलंडलेलं आणि दोन कौलांच्या खाचेत नख जाईल एवढी फट. पश्चिमेचा वारा पाऊस आडवा आणतो तेव्हा तेवढी फट पुरते. कौलं बदलून काय होणार होतं? त्यात आमचे वासे अर्धवट सुकलेले. ओलं लाकूड ओझ्याखाली सुकलं की वाकलेलंच सुकतं, मग ते कौलं उतरवूनही सरळ होत नाही.

आपण माप ठरवताना मोडण्याची भीती धरतो, आणि कौलारू छपराला त्रास होतो तो वाकण्याचा. वाशाची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. उभी उंची दुप्पट केली तर आठपट. त्यामुळे जवळपास तेवढ्याच लाकडात माझी ओटी पडवीच्या तिप्पट ताठ आहे. तिथेही सूत धरून पाहिलं, करंगळी मावत नाही. अर्थात वासा उभा बसवला तरच हे खरं. रिपेचा खिळा पसरट अंगावर बरा बसतो म्हणून आडवा घालणारे सुतार मी पाहिलेत. २ बाय ३ आडवा घातला की ताठपणा निम्म्याहूनही खाली येतो. खाचेचंही तसंच. भिंतीवरच्या पाटाला, म्हणजे वासे टेकतात त्या आडव्या लाकडाला, बसवायला वासा इंचभर खाचला की तिनातले दोनच इंच उरतात. पडवीची वळचण थोडी नाक खाली घालून बसलीय, ती त्यामुळेच असावी.

जाड वाशांबद्दल तक्रार आहेच. पहिल्या उन्हाळ्यात ते रात्री कडाड करून तडकायचे, बायको दचकून उठायची. लांबट भेगा पडल्या त्या आता कायमच्या, खालून दिसतात. ज्याला गुळगुळीत लाकूड बघायची हौस आहे त्याला ते खुपेल. मला नाही खुपत.

आणि दाट बारीक वासे वाईट, असंही मी म्हणणार नाही. आजोबांच्या घराचे वासे मनगटाएवढे होते आणि कौलांची ओळ सरळ होती. पण तिथे दर पाच-सहा फुटांवर तुळई होती, तिच्याखाली खांब. गाळा निम्मा केला की तोच वासा, तेवढ्याच अंतरावर, सोळाव्या हिश्शाने वाकतो. तुमच्या घरात मध्ये खांब चालणार असेल, तर बहुधा दाटच घ्या, पैसे वाचतील. झोपाळ्यासाठी ओटी मोकळी हवी असेल आणि गाळा आठ फुटांच्या पुढे जात असेल, तर मी तरी पाच इंचांच्या खाली उतरणार नाही.

पडवीचे वासे काढायचं मन होत नाही. मध्ये एक तुळई घालून त्यांना आहेत तिथे थोपवायचं आणि तिरक्या रिपा खाली फळकुट्या सारून समतल करायच्या, असं ठरलंय. दोन खांब भिंतीत जातील. तिसरा बरोबर पाट्या-वरवंट्याच्या जागी येतो, त्यावर घरात अजून एकमत नाही.