शेतात सापडलेली वस्तू ओळखून देणारी सेवा : पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम

इंग्लंड आणि वेल्समध्ये मेटल डिटेक्टर घेऊन शेते धुंडाळणाऱ्यांसाठी १९९७ पासून चालू असलेली ही मोफत सेवा मला अत्यंत मोलाची वाटते. सापडलेली वस्तू जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला दाखवली, की तो तिचे मोजमाप, वजन आणि छायाचित्र घेऊन तिची नोंद ब्रिटिश म्युझियमच्या सार्वजनिक संगणकीय संग्रहात करतो.

या नोंदींचा खरा कस अनोळखी वस्तूंच्या बाबतीत लागतो. मधोमध भोक असलेली शिशाची जाड चकती सूत कातण्याच्या टकळीची असू शकते, तशीच ती वजनाचे मापही असू शकते. अशा वेळी भोकाचा व्यास, कडेची झीज आणि नक्षी तपासून मत दिले जाते. अशा चकत्यांचा घाट रोमन काळापासून मध्ययुगापर्यंत फारसा बदलला नसल्याने, पुरावा नसेल तर नेमके शतक न सांगता कालखंड मोकळेपणाने रुंद ठेवला जातो, आणि हा प्रामाणिकपणा मला सर्वांत भावतो.

संकेतस्थळावरील शोध नवख्याला किचकट वाटेल. वस्तूचे इंग्रजी पारिभाषिक नाव ठाऊक नसेल, तर छायाचित्रे चाळत बसावे लागते. नेमके ठिकाण मात्र लुटारूंच्या भीतीने जाहीर केले जात नाही, हे योग्यच आहे.

वस्तू नेताना ती घासूनपुसून चकचकीत करू नये आणि सापडल्या जागेची नोंद न चुकता ठेवावी.