चित्रण उत्तम, सुपूर्दगी अपुरी: एका डिजिटायझेशन सेवेचा अनुभव

आमच्या ग्रंथालयातील नियतकालिकांचे जुने बांधीव खंड आणि काही हस्तलिखित नोंदवह्या यांच्या डिजिटायझेशनचे काम आम्ही एका व्यावसायिक संस्थेकडे सोपवले होते. पाने टिपण्यात ही संस्था खरोखर निष्णात आहे. टिपलेल्या पानांचे पुढे काय करायचे, याची समज मात्र तिला कमी आहे.

सपाट काचेच्या स्कॅनरवर जाड खंड पालथा दाबला की शिवण उसवते आणि बांधणीची पाठ मोडते. येथे खंड इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या आधारावर अर्धवट उघडा ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपले गेले. एलईडी दिव्यांमुळे पानांना उष्णता जाणवली नाही, आणि प्रत्येक खंडाच्या आरंभी रंगपट्टी व मोजपट्टी टिपलेली असल्यामुळे कागदाचा पिवळेपणा मूळचा की दिव्याचा, हे पडताळता आले.

निराशा झाली ती पहिली हार्ड डिस्क उघडल्यावर. तीत केवळ काळ्या-पांढऱ्या पीडीएफ होत्या. पाने डोळ्यांना स्वच्छ दिसत होती, पण समासातील पेन्सिलीच्या नोंदी, जांभळ्या शाईचे शिक्के आणि खोडलेल्या ओळींखालची पुसट अक्षरे त्या स्वच्छतेत नाहीशी झाली होती. संस्थेच्या भाषेत ही ‘सफाई’. वाचकांसाठी हलकी प्रत हवीच, परंतु ती जपणुकीच्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. ए4 आकाराचे पान 400 पीपीआय (दर इंचाला 400 बिंदू) आणि 24-बिट रंगात, संक्षेप न करता टिफ या प्रतिमा-फाइलीच्या स्वरूपात ठेवल्यास सुमारे 46 एमबी जागा घेते. काटकसरीचा मोह कोठून येतो, हे त्यावरून कळते. सुदैवाने मूळ टिफ फाइली संस्थेने पुसल्या नव्हत्या आणि मागितल्यावर त्या दिल्या. हा मुद्दा करारात लिहिला नाही, ही चूक आमची.

फाइलींची नावे कॅमेऱ्याने दिलेलीच होती. दाखलअंक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतील क्रमांक), खंड आणि 0001 पासून पानाचा क्रम अशी नावे आम्हाला नंतर स्वतः द्यावी लागली. त्यात कोरी पाने वगळलेली असल्याने पृष्ठसंख्या जुळेना, आणि पान कोरे होते की टिपायचे राहिले, हे ठरवण्यासाठी खंड पुन्हा उघडावे लागले. ओसीआरने, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीने, छापील मजकूर बराचसा ओळखला, जोडाक्षरांत मात्र तो अडखळला. हस्ताक्षराबाबत आमची अपेक्षाच नव्हती.

न मागता मिळालेली एक गोष्ट मोलाची ठरली, ती म्हणजे प्रत्येक फाइलीच्या एसएचए-256 चेकसमची, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणाऱ्या ओळख-संकेताची, यादी. दुसऱ्या डिस्कवर प्रती करताना दोन फाइली बिघडल्याचे त्या यादीमुळेच लक्षात आले. एरवी त्या कधी उघडल्या जातील तेव्हाच ते कळले असते.

पुढील खंडांचे काम आम्ही याच संस्थेला देणार आहोत, मात्र पहिल्या 50 पानांच्या टिफ फाइली मूळ पानांशेजारी ठेवून तपासल्याशिवाय उरलेले खंड कपाटाबाहेर काढणार नाही.