व्हीएसव्हीची टी७ रेस्क्यू सिस्टीम: मागवण्याआधी वाचून घ्या

निगेटिव्ह सेन्स आरएनए व्हायरसवर (ज्यांचा जीनोम एमआरएनएच्या उलट दिशेचा असतो) काम सुरू करायचंय, कुठली रिव्हर्स जेनेटिक्स सिस्टीम (प्लास्मिडच्या डीएनएवरून जिवंत व्हायरस उठवायची, म्हणजेच रेस्क्यूची) घ्यावी, असं नवीन मुलंमुली सारखी विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितेय. सेट म्हणाल तर चार प्लास्मिड, एकात व्हीएसव्हीचा (व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस व्हायरस, हाही निगेटिव्हच) अख्खा अँटीजीनोम, म्हणजे जीनोमची उलट दिशेची प्रत, बाकी तिघांत एन (आरएनएवरचं कवच), एल (तो वाचणारा पॉलिमरेज) आणि पी (एलचा मदतनीस), आणि सोबत डीएनएवरून आरएनए बनवणारा टी७ पॉलिमरेज स्वतःच तयार करणाऱ्या बीएसआर-टी७/५ सेल्स. माझं मत सरळ आहे, सिस्टीम भारी आहे, बिनधास्त घ्या, पण मिनीजीनोमचा (चाचणीपुरत्या छोट्या जीनोमचा) प्लास्मिड सोबत मिळत नसेल तर तो दुसरीकडून मिळवा आणि मगच सुरुवात करा.

थोडी पार्श्वभूमी. पोलिओसारख्या पॉझिटिव्ह व्हायरसचा आरएनए सेलमध्ये नुसता सोडला तरी रायबोसोम तो थेट वाचतात, त्यामुळे पोलिओचं काम १९८१ मध्येच जमलं होतं. निगेटिव्हवाल्यांचा नुसता जीनोम टाकून काहीच होत नाही, कारण तो वाचणारा एल त्याच जीनोमवरून बनतो, आणि वर एनचं कवच नसेल तर एल त्याला हात लावत नाही, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच. ही कोंडी १९९४ मध्ये श्नेल, मेबाट्सिओन आणि कॉन्झेलमान यांनी रेबीजमध्ये फोडली, आणि पुढच्याच वर्षी व्हीएसव्ही, गोवर, सेंडाई, आरएसव्ही अशी रांगच लागली. यातली खरी डोकॅलिटी मला वाटते ती अँटीजीनोम टाकण्यात. निगेटिव्ह जीनोम बनवला असता तर हेल्पर प्लास्मिडवरून येणारे एन, पी, एलचे एमआरएनए त्यालाच जाऊन चिकटले असते आणि खेळ तिथेच संपला असता. अँटीजीनोम आणि एमआरएनए एकाच दिशेचे, त्यामुळे ती भानगडच येत नाही.

टी७ का, तर सगळं काम सायटोप्लाझममध्ये होतं. व्हीएसव्हीचा आरएनए न्यूक्लियसमध्ये कधी जातच नाही, त्यामुळे तो तिथे बनवायला गेलं की मधेच कुठेतरी स्प्लायसिंग होण्याची भीती. पूर्वी टी७ पुरवायला व्हॅक्सिनिया व्हायरस वापरायचे, तो सेल्सची वाट लावायचा आणि नंतर त्याला वेगळा काढायला ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळत बसा (व्हॅक्सिनिया मोठा म्हणून अडकतो, व्हीएसव्ही खाली उतरतो). १९९९ ला बीएसआर-टी७/५ आल्या आणि ही कटकट गेली. फक्त या सेल्सना जी४१८ या सिलेक्शनच्या अँटिबायोटिकवर ठेवायला विसरू नका, सिलेक्शन सुटलं की टी७ हळूहळू कमी होत जातो आणि सेल्स दिसायला मात्र ठणठणीत, त्यामुळे लक्षातच येत नाही. सेल्स घेताना पॅसेज नंबर (किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या) विचारा आणि आल्या आल्या मायकोप्लाझ्मा (सेल्समध्ये लपून राहणारे बॅक्टेरिया) टेस्ट करा, कोणी कितीही खात्री दिली तरी.

आता मिनीजीनोमवर एवढा भर का. रेस्क्यू फेल झाला की प्लेट काहीही सांगत नाही. टी७ कमी पडला, एलच्या प्लास्मिडमध्ये म्युटेशन आलं (जीन सहा हजारांवर बेसचा, बॅक्टेरियात वाढवताना गडबड होते), एन-पी-एलचं प्रमाण बिघडलं की प्लास्मिडची प्रेपच खराब, सगळ्याचं उत्तर एकच, निवांत बसलेल्या सेल्स. मिनीजीनोममध्ये व्हायरसची फक्त दोन टोकं आणि मधे जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन), तो हिरवा झाला म्हणजे एन, पी, एल आणि टी७ चौघंही कामावर आहेत, दोष असलाच तर लांब प्लास्मिडमध्ये शोधायचा. याने वाचणारा वेळ प्रचंड आहे.

आणि दोन्ही हिरवे कसे वेगळे ओळखायचे तेही सांगते. मिनीजीनोमच्या प्लेटमध्ये हिरव्या सेल्स एकट्या, इकडे एक तिकडे एक, दुसऱ्या दिवशी पाहिलं तरी शेजारची सेल काळीच. जीएफपीवाला पूर्ण व्हायरस उठला असेल तर एका हिरव्या सेलभोवती आणखी हिरव्या, मग गोल होत जाणारं वर्तुळ, मधल्या सेल्स गोळा होऊन सुटायला लागलेल्या. एकदा पाहिलं की परत शंका येत नाही. जीएफपी पहिल्या जागी घातला तर चमक जास्त, कारण व्हीएसव्हीत ३ प्राइम टोकाजवळचा जीन सगळ्यात जास्त वाचला जातो, पण मागचे सगळे जीन एकेक पायरी खाली सरकतात, त्यामुळे ग्रोथवर काम करायचं असेल तर मी जी (व्हायरसच्या बाहेरच्या प्रोटीनचा जीन) आणि एलच्या मधली जागा पसंत करते.

इन्फ्लुएन्झावाल्यांनी हा सेट घेऊ नये, त्यांच्यासाठी हॉफमनची २००० सालची आठ प्लास्मिडची सिस्टीम आहे. एकाच प्लास्मिडवर एका बाजूने पोल वन, दुसऱ्या बाजूने पोल टू (दोन्ही सेलचे स्वतःचे पॉलिमरेज), म्हणजे जीनोमचा तुकडा आणि एमआरएनए दोन्ही तिथेच. तो व्हायरस न्यूक्लियसमध्येच वाढतो त्यामुळे हे फिट बसतं. पोल वनचा प्रमोटर मात्र प्राण्यानुसार बदलतो, माणसाचा प्रमोटर कुत्र्याच्या एमडीसीके सेल्समध्ये चालत नाही, म्हणून माणसाच्या २९३टी सेल्ससोबत मिसळून वाढवतात.

कमतरता म्हणाल तर एफिशियन्सी. चार प्लास्मिड आणि सगळं एकाच सेलमध्ये जुळून यावं लागतं, त्यामुळे लाखो सेल्समधल्या मोजक्याच सुरू होतात. टी७ ला सुरुवातीला जी हे बेस लागतात, ते जादा जी अँटीजीनोमच्या टोकाला चिकटतात, तिथे हॅमरहेड रायबोझाइम (स्वतःला कापणारा आरएनए) घातलेली व्हर्जन मिळाली तर तीच घ्या. मागचं टोक डेल्टा रायबोझाइम नेमकं कापतो, तिथे तक्रार नाही.

बायोसेफ्टी कमिटीची परवानगी प्लास्मिड मागवण्याआधीच घ्या. आणि एल न टाकलेली एक वेल (जिथे व्हायरस उठायलाच नको) प्रत्येक वेळी ठेवा, शिवाय जीनोममध्ये एक गप्प (प्रोटीन न बदलणारं) म्युटेशन खूण म्हणून घालून ठेवा. लॅबमध्ये आधीपासून व्हीएसव्ही असेल तर निघालेला व्हायरस तुमच्या प्लास्मिडचा की शेजारच्या फ्लास्कमधला हे सीक्वेन्सिंगमध्ये त्या खुणेवरूनच कळतं.