आजीच्या बायबलची जिल्द: नाशिकच्या भद्रकालीतल्या बाइंडरकडचा अनुभव

आमच्या घरचं बायबल पाठीतून सुटलं होतं. स्तोत्रसंहितेची पानं हातात यायची, म्हणून रबरबँड लावून ठेवायचो. आमच्याकडे रोज दिवेलागणीला कौटुंबिक उपासना होते, आजीपासून. त्यामुळे पुस्तक कपाटात जपून ठेवायचं नव्हतं, रोज उघडायचं होतं.

आधी एका झेरॉक्सच्या दुकानात नेलं. "ताई, चारही बाजूंनी कापून स्पायरल मारतो, अर्ध्या तासात." मी पुस्तक उचललं आणि बाहेर पडले. कापलं की समास गेले, आणि आमच्या घराचा सगळा इतिहास त्या समासांत आहे.

बायबलमधल्या हबक्कूकच्या पुस्तकाचा तिसरा अध्यायच घ्या. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलींना फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो संदेष्टा म्हणतो. शेजारी आजीची पेन्सिल: 1972, विहीर आटली. त्याखाली पप्पांचं बॉलपेन: मार्च 2014, गारा. निफाड तालुक्यातली आमची बाग त्या गारपिटीत ऐन काढणीच्या तोंडावर आडवी झाली. घड चिखलात, तारा लोंबत्या, डोक्यावर बँकेचे हप्ते. त्या रविवारी पप्पा उपासनेला गेले, घरी आले आणि हाच अध्याय काढून मोठ्याने वाचला. आवाज फाटला, पण मध्ये थांबले नाहीत. विश्वासात टिकायचं म्हणजे काय, ते मी उपदेशांपेक्षा त्या पानावर जास्त शिकले.

शेवटी भद्रकालीतल्या एका बोळात पुस्तकं बांधणारे हे चाचा सापडले. पुस्तक त्यांनी आधी नुसतं चाळलं, अंगठ्याने काळी पडलेली पानं बघितली आणि म्हणाले, "बेटी, ही रोज वाचायची किताब आहे, हिला शिवणच पाहिजे." बायबलचा कागद अगदी पातळ, डिंक जास्त झाला की आकसतो. त्यांनी एकेक जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, सुटा केला, घडीवर फाटलेल्या पानांना आतून पातळ कागदाची पट्टी मैद्याच्या खळीने चिकटवली, मग सगळे जुज एकमेकांना जोडणारी जुजबंदी शिवण दोऱ्याने घातली. पाठीला काळं कापड, वर जाड पुठ्ठा. कडेचा एक धागाभरही कागद कापला नाही. आता हबक्कूक उघडलं तर पुस्तक टेबलावर सपाट पडून राहतं, हाताने दाबून धरावं लागत नाही. पप्पांचा उजवा हात थरथरतो, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय झाली.

वेळ मात्र लागला. शाळा उघडायच्या दिवसांत दिलं, त्यामुळे दोन-तीनदा "पुढच्या आठवड्यात या" ऐकावं लागलं. खुणेची फीत आखूड निघाली. सोनेरी अक्षरं ते करत नाहीत. साडेसहाशे रुपये घेतले. तेवढ्यात नवीन बायबल येतं, असं नात्यातले म्हणाले. येतं, आणि मुलांसाठी मी घेतलंही आहे. पण त्यात आजी नाही.

आता चाचांकडे 'उपासना संगीत' या ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकाची जुनी प्रत दिली आहे. त्यात नारायण वामन टिळकांची गीतं सगळ्यात झिजली आहेत. आजी टिळकांइतकंच त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंबद्दल सांगायची: जलालपूरची, आपल्या नाशिकचीच लेक. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. नवऱ्याच्या मागे डोळे मिटून गेल्या नाहीत, मन पटल्यावर आल्या आणि मग कधी डगमगल्या नाहीत. आम्हा मुलींना हे ती मुद्दाम ऐकवायची.

जुनं बायबल द्यायचं असेल तर दुपारनंतर जा, सकाळी हिशेबाच्या वह्यांची गर्दी असते. सुटी पानं फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या. आणि समासांत काही लिहिलेलं असेल तर ते पान उघडून चाचांना आधीच दाखवा.